बगळ्यांचं दुसरं पान

रजनीताईंचं पत्र आलं त्याला या श्रावणात वर्ष झालं. आलं पोस्टाने. तेव्हा रजनीताई त्याच इमारतीत राहत होत्या, दुसऱ्या मजल्यावर, आणि मधुकर खांबेटे चौथ्यावर. म्हणजे पत्र कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पडलं, सॉल्ट लेकच्या पोस्टात शिक्का खाऊन आलं आणि चार दिवसांनी दोन मजले वर चढलं. असं का, ते पहिल्याच ओळीत होतं. "काका, तुम्हाला समोर उभं राहून काही विचारलं की तुम्ही गडबडता आणि मग मलाच अपराध्यासारखं होतं. म्हणून पत्र. सवडीने उत्तर द्या, पण द्या."

मधुकररावांनी ते तीनदा वाचलं, होती त्याच घडीवर पुन्हा दुमडलं आणि कपाटातल्या जाड शब्दकोशात ठेवून दिलं. सवड होती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, सवडीखेरीज त्यांच्याजवळ होतं काय? कागद होते, पेन होतं. उत्तरसुद्धा होतं, शब्दकोशात त्याच पानांत आधीपासून ठेवलेलं. फक्त दिलं नाही.

मधुकरराव मूळचे पुण्याचे. केंद्र सरकारच्या एका प्राणिसंशोधन कार्यालयात ग्रंथपाल म्हणून कलकत्त्याला बदली झाली ती पुन्हा कुठे झालीच नाही. मुलगा बंगलोरला, इथे दोघंच, ते आणि वृंदाताई. स्वभाव इतका भिडस्त की पेपरवाल्याने एकदा चुकून हिंदी पेपर टाकायला सुरुवात केली, तर यांनी दोन महिने मुकाट्याने हिंदी पेपर वाचला. शेवटी वृंदाताईंनी गॅलरीतून पेपरवाल्याला हाक मारली, तेव्हा कुठे इंग्रजी सुरू झाला.

एका गोष्टीचा मात्र त्यांना मनातल्या मनात अभिमान होता. सारांशाचा. ऑफिसातल्या साहेबांना साठ-सत्तर पानांचे अहवाल वाचायला वेळ नसे. ते काम मधुकररावांकडे येई. त्यांनी पद्धत घालून घेतली होती: दोन पानं. पहिल्या पानावर अहवाल काय म्हणतो ते, दुसऱ्यावर तो काय म्हणत नाही ते. कुठे पुरावा कमी आहे, कुठे घाई करू नये, कुठे शंका आहे. दोन्ही पानांना डाव्या कोपऱ्यात टाचणी. चौतीस वर्षांत ती टाचणी कुणी काढली नव्हती. साहेब दुसरं पान वाचत होते की नाही, देव जाणे, पण ते पहिल्याला चिकटून फायलीत जात होतं.

मागच्या वर्षी आषाढात इमारतीचे सेक्रेटरी घोषालबाबू घरी आले. फाटकाजवळ एक मोठा विलायती शिरीष आहे. त्यावर दर पावसाळ्यात रातबगळे घरटी करतात. पन्नासेक तरी असतील. खाली लावलेल्या गाड्या पांढऱ्या होतात, माशांचा वास येतो, रात्रभर त्यांचं क्वॅक-क्वॅक चालतं. त्यात त्या दिवसांत पेपरात बर्ड फ्लूच्या बातम्या येत होत्या. घोषालबाबू हिंदीत सुरुवात करत आणि बंगालीत संपवत, पण मुद्दा नेहमी स्वच्छ असे.

"खांबेटेबाबू, तुमचं आयुष्य प्राण्यांच्या ऑफिसात गेलं. सांगा, हे बगळे रोग आणतात की नाही?"

"म्हणजे... रानपक्ष्यांमधून विषाणू पसरतो, हे आहे. पण त्यात पुष्कळ—"

"बस, एवढंच लिहून द्या. एक पान. सगळे म्हणतात, खांबेटेबाबू लिहितील ते मान्य."

"सगळे म्हणतात?" मधुकररावांनी विचारलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता.

"सगळे! पूर्वी तुमचे बर्गी, ते लुटारू मराठे स्वार, येऊ नयेत म्हणून आमच्या बागबाजारातल्या पूर्वजांनी मराठा खंदक खणला. आता पाळी तुमची. बगळ्यांपासून आम्हाला वाचवा!" घोषालबाबू आपल्याच विनोदावर मनापासून हसले.

वृंदाताई चहा घेऊन येत होत्या. "तो खंदक तुमच्या पूर्वजांनी अर्ध्यावरच सोडला ना हो?" त्या म्हणाल्या. "मग योग्य माणसाकडे आलात. आमच्याकडेही सगळं अर्ध्यावरच असतं."

मधुकरराव तीन दिवस बसले. जुन्या ऑफिसच्या ग्रंथालयात फोन करून दोन लेख मागवले. त्यांच्या हाताला कितीतरी दिवसांनी अशी खाज सुटली होती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, की बर्ड फ्लूच्या विषाणूंचं मूळ घर म्हणजे रानटी पाणपक्षी. विषाणू त्यांच्या आतड्यात राहतो, बऱ्याचदा त्यांना काही करत नाही, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पक्षी उडेल तिथे त्याच्याबरोबर जातो. सगळं खरं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं, की ते मूळ घर मुख्यतः बदकं, हंस, कुरव आणि चिखलात फिरणारे लहान पक्षी यांचं. बगळ्यांत विषाणू सापडतो, पण कमी. कित्येकदा तो कोंबड्यांच्या खुराड्यांतूनच रानपक्ष्यांना लागतो, आणि गावोगाव नेतात ते ट्रक, पिंजरे आणि माणसांचे बूट. घरट्यांच्या दिवसांत झाड तोडलं तर पक्षी पांगतील आणि पिल्लं खाली पडून माणसांच्या हाताशी येतील, म्हणजे नको तेच होईल. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, हात धुवावेत, शिजलेल्या अन्नाला भीती नाही. खाली सही केली, टाचणी लावली आणि स्वतः खाली जाऊन कागद घोषालबाबूंच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळच्या फळ्यावर कागद लागला. एक कागद. पहिला. मधुकररावांची सही दुसऱ्या पानावर होती, म्हणून घोषालबाबूंनी पहिल्याच्या खाली त्यांचं नाव आणि 'निवृत्त, प्राणिसंशोधन' असं टाइप करून घेतलं होतं.

मधुकरराव फळ्यासमोर उभे राहिले. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं दिसत होती. त्यांना वाटलं, वर जावं, घोषालबाबूंची बेल वाजवावी आणि म्हणावं, दुसरं पान राहिलं. तीन शब्द. तेवढ्यात लिफ्ट उघडली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक बाहेर आले, थांबले आणि हात जोडून म्हणाले, "फार छान लिहिलंत. आमच्या इमारतीत एवढा विद्वान माणूस राहतो हे आम्हाला माहीतच नव्हतं."

सोळा वर्षांत त्या इमारतीत त्यांना असं कुणी काही म्हटलं नव्हतं. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाही, नाही, विशेष काही नाही," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. बेल वाजवायची ती राहिलीच.

पाचव्या दिवशी माणसं आली आणि शिरीषाच्या फांद्या उतरवल्या. घरटी म्हणजे नुसत्या काटक्यांचे ढीग, ती फांदीबरोबर खाली आली. अकरा-बारा पिल्लं चिखलात पडली. राखाडी ठिपक्यांची, डोक्यावर विस्कटलेली पिसं, चोची उघड्या. माणसं गाड्या धुवायला लागली. पिल्लांकडे बघायला फक्त रजनीताई खाली उतरल्या.

रजनीताई म्हणजे रजनी वैशंपायन. साठीला टेकलेल्या. यजमान एका सरकारी कंपनीत इंजिनियर होते, ते गेल्यावर त्या परत महाराष्ट्रात गेल्या नाहीत. सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांमधल्या मराठी मुलांना त्या पोळीभाजीचे डबे देत. एवढ्या मोठ्या शहरात घडीच्या पोळीसाठी जीव टाकणारी पोरं काही कमी नव्हती. आणि गणपतीत महाराष्ट्र मंडळाचे उकडीचे मोदक रजनीताईंचेच. कळ्या अशा पाडत की नवी आलेली सूनबाई मोबाइल धरून व्हिडिओ काढी.

त्यांनी पाच पिल्लं साबणाच्या पावडरीच्या खोक्यात घातली आणि मागच्या गॅलरीत ठेवली. कोलकात्यात बारीक मासे मिळायला काय तोटा? तीन जगली. वीस-बावीस दिवसांनी ती गॅलरीच्या कठड्यावर चढून बसायला लागली आणि समोरच्या विंगेतून सगळ्यांना दिसली.

पुढे फारसा वेळ लागला नाही. फळ्यावर कागद होताच. जिथे बगळे तिथे विषाणू, आणि जिथे पोळ्या लाटतात तिथेच बगळे. कुणीतरी फळ्याचा फोटो सेक्टर फाइव्हमध्ये पोचवला. डबे आठवड्याभरात चाळीसवरून सहावर आले. घोषालबाबूंनी खबरदारी म्हणून पशुसंवर्धनवाल्यांना बोलावलं. त्यांनी खोक्यातल्या पिल्लांचे आणि झाडाखालच्या विष्ठेचे नमुने नेले. अहवाल कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा, असं विचारलं तेव्हा घोषालबाबूंनी कौतुकाने मधुकररावांचा ईमेल दिला.

अहवाल दहा दिवसांनी आला. एकाही नमुन्यात काही नव्हतं. मधुकररावांनी तो छापून घोषालबाबूंना दाखवला.

"वा, उत्तम," घोषालबाबू म्हणाले. "जपून ठेवा."

"फळ्यावर... लावायचा का?"

"आता कशाला? फांद्या तर तोडल्या. लोक विचारतील, मग तोडल्या कशाला?"

मधुकररावांनी तो जपून ठेवला. शब्दकोशात. त्यानंतर पाच दिवसांनी रजनीताईंचं पत्र आलं.

त्या पत्रात राग नव्हता, हेच अवघड होतं. राग असता तर मधुकरराव मनातल्या मनात काही उत्तर तयार करू शकले असते. रजनीताईंनी लिहिलं होतं: "तुमचा कागद इंग्रजीत आहे, मी शेजारच्या मुलीकडून समजून घेतला. तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्हाला विचारते. माझं चुकलं का? पिल्लांना खायला घातल्यावर मी दर वेळी साबणाने हात धुतले, खोकं स्वयंपाकघराकडे नेलं नाही. तरीही धोका असेल तर तसं स्पष्ट लिहा, मी डबे आपण होऊन बंद करीन. दुसऱ्यांची मुलं मला आजारी पाडायची नाहीत. आणि धोका नसेल तर तेवढ्या दोन ओळी लिहून द्या. मंडळात मोदकांचं विचारणार आहेत, तिथे दाखवीन."

बाईला खरं हवं होतं, कुठल्याही बाजूचं. आणि खरं त्यांच्या कपाटात होतं.

पहिल्या रात्री ते लिहायला बसले. 'धोका नाही' असं लिहिलं आणि खोडलं, कारण धोका अगदीच नाही असं कुठलाही जाणता माणूस लिहिणार नाही. 'धोका अत्यल्प' लिहिलं. मग वाटलं, 'अत्यल्प' म्हणजे किती, हे आपण कोण सांगणार? आपण शास्त्रज्ञ थोडेच? ग्रंथपाल. दुसऱ्यांची वाक्यं लहान करणारा माणूस. असं तीन-चार दिवस चाललं. त्यांनी स्वतःला सांगितलं, हा काटेकोरपणा आहे. पण आत कुठेतरी त्यांना माहीत होतं की अडचण त्या शब्दाची नाही. उत्तर लिहायचं म्हणजे दुसऱ्या पानाचं सांगावं लागणार, आणि दुसऱ्या पानाचं सांगायचं म्हणजे फळ्यासमोर उभं राहून चष्मा पुसल्याचं सांगावं लागणार.

गणपती आले. मोदक मंडळाने एका केटररकडून मागवले. रबरासारखे होते, असं वृंदाताई म्हणाल्या. मधुकरराव पाय दुखतो सांगून घरीच राहिले.

याच दिवसांत आणखी एक झालं. टेबलावर कागद पसरलेले बघून वृंदाताईंनी विचारलं होतं, "रजनीला उत्तर पाठवलंत ना?" आणि मधुकरराव म्हणाले होते, "हं." एवढंच. 'हं'.

त्या एका अक्षरावर वृंदाताईंनी महिनोन्महिने राग बांधला. "तुम्ही एवढं लिहून दिलंत, आणि बाईने साधा फोन केला नाही," त्या म्हणत. "माणसं अशीच." मधुकरराव पुस्तकाचं पान उलटत.

मार्गशीर्षात रजनीताईंनी जागा सोडली. घरमालकाने करार पुढे वाढवायला टाळाटाळ केली होती. टेंपो खाली उभा असताना त्या वर आल्या, वृंदाताईंचं पुरणयंत्र परत द्यायला. बेल वाजली तेव्हा मधुकरराव बैठकीत होते. ते उठले आणि न्हाणीघरात गेले. नळ सोडला.

नळाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. "काकू, दमदमला जाते. दोन खोल्या मिळाल्यात मेट्रोजवळ. काका आहेत का?"

"आंघोळीला गेलेत," वृंदाताई म्हणाल्या. सकाळी सात वाजताच मधुकररावांची आंघोळ झालेली होती. "बस म्हटलं असतं, पण तुझा टेंपो थांबलाय."

"हो, थांबलाय," रजनीताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "काकांना नमस्कार सांगा. तब्येत जपायला सांगा."

दार लागलं. बादली भरून वाहत होती. पुरणयंत्रात कागदात बांधलेल्या चकल्या होत्या. वृंदाताईंनी खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणाल्या. मधुकररावांनी एक उचलली आणि दाताखाली न घालता परत ठेवली.

दमदम म्हणजे काही परदेश नाही. सॉल्ट लेकहून माणूस तासाभरात जाऊन येतो. मधुकरराव आठ महिन्यांत तिकडे फिरकले नाहीत.

या वर्षी शिरीषाला नवी पालवी फुटली. आषाढात थोडे रातबगळे परत आले. सगळी मिळून सात घरटी, उरलेल्या एका फांदीवर. श्रावणातल्या एका सकाळी घोषालबाबू जिन्यात भेटले. मधुकरराव आता लिफ्ट वापरत नसत. ती सवय रजनीताई इमारतीत असताना लागली होती, ती राहिली.

"खांबेटेबाबू! तुमचे पाहुणे परत आले. तोच कागद लावू ना? फक्त वर्ष बदलू."

"बघतो," मधुकरराव म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी मंडळाचे हेमंत शेवडे यांचा फोन आला. वृंदाताईंनी घेतला आणि फोनवर हात ठेवून त्या मधुकररावांकडे वळल्या.

"अहो, हेमंत विचारतोय. रविवारी मंडळाची बैठक आहे. रजनीने यंदा मोदक करते म्हणून सांगितलंय. पण काही लोक म्हणतायत, ते मागचं बगळ्यांचं प्रकरण होतं ना. तर खांबेटे काकांनी लेखी मत दिलं तर बरं. काय सांगू?"

"सांग... सांग की देतो."

वृंदाताईंनी तसं सांगितलं, फोन ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. "तुमचं मत द्या, पण मला विचाराल तर तिला थोडी अद्दल घडायला हवी. तुम्ही उत्तर पाठवलंत, तिने पोच दिली नाही. आता मोदक करायला मात्र पुढे!"

मधुकररावांच्या हातात पुस्तक होतं. ते त्यांनी मिटलं, खूण न घालता.

"मी उत्तर पाठवलं नव्हतं, वृंदा."

"काय?"

"पाठवलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा हं म्हणालो."

मधुकरराव उठले, कपाट उघडलं, शब्दकोश आणला आणि टेबलावर तीन कागद ठेवले. रजनीताईंचं पत्र, तपासणीचा अहवाल, आणि दुसऱ्या पानाची स्वतःकडची प्रत. वृंदाताईंनी चष्मा लावून तिन्ही वाचले. अहवाल दोनदा. तारखेवर बोट ठेवलं.

"हा पत्राच्या आधी आला होता?"

"पाच दिवस आधी."

"म्हणजे तुमच्या घरात हा कागद होता, आणि ती खाली सहा डबे करत होती."

मधुकररावांनी मान हलवली.

"आणि मी तिला दारातून परत पाठवलं. बस म्हटलं नाही. तुम्ही आत नळ सोडून बसलात ते..."

"हो."

"मला वाटलं पोट बिघडलंय," वृंदाताई म्हणाल्या. एरवी त्या या वाक्यावर हसल्या असत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मधुकरराव तसेच बसून होते. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पुस्तकांनी भरलेली खोली, आणि समोर टेबलावर दोन ओळींचं एक काम, जे वर्षभर जमलं नाही. त्यांना वाटलं, आपल्या भिडस्तपणाला लोक चांगुलपणा समजत आले. आपणही तेच समजत आलो.

वृंदाताई परत आल्या. "तुम्ही भित्रे आहात हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भित्रेपणाचं बिल कधी दुसऱ्याच्या दारात गेलं नव्हतं. आधी तिला लिहा. मग हेमंतला. मग खाली फळ्यावर. याच क्रमाने. आणि मला वाचून दाखवू नका, मी 'छान आहे' म्हणणार नाही."

त्यांनी लिहिलं. सवयीने पहिलं पान, दुसरं पान असं मनात आलं, ते त्यांनी बाजूला सारलं. एकच पान.

"चि. रजनीताईंस, अनेक आशीर्वाद. असं लिहायचा मला आता अधिकार आहे का, याची शंका आहे, तरी दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. तुम्ही मागच्या श्रावणात दोन प्रश्न विचारले होते. तुमचं चुकलं का? नाही. डब्यांमुळे धोका होता का? खोक्यातल्या पिल्लांची तपासणी झाली, त्यांत विषाणू नव्हता. असता तरी तुम्ही हात धुतले होते आणि अन्न शिजवलं होतं, त्यामुळे डबा खाणाऱ्याला भय नव्हतं. हा अहवाल तुमचं पत्र यायच्या आधीपासून माझ्याकडे होता. सोबत जोडला आहे.

"फळ्यावरचा कागद अर्धा होता. दुसरं पान मी लिहिलं होतं, तेही जोडलं आहे. ते लावलं गेलं नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि बोललो नाही. का, तर लोक मला विद्वान म्हणाले म्हणून. याहून मोठं कारण मी वर्षभर शोधलं, सापडलं नाही. तुम्ही पुरणयंत्र द्यायला आलात तेव्हा मी घरात होतो. आंघोळ करत नव्हतो. वृंदाला यातलं काही माहीत नव्हतं. ती तुमच्याशी जशी वागली, त्याचा दोष माझा.

"पुढच्या वेळी पडलेलं पिल्लू उचलताना हातमोजे घाला, एवढं मात्र खरंच सांगतो. याचं उत्तर पाठवायची गरज नाही."

हातमोज्यांचं वाक्य त्यांनी एकदा खोडलं. मग नव्या कागदावर सगळं उतरवताना पुन्हा लिहिलं. ते खरं होतं.

हेमंतला त्यांनी तेच थोडक्यात लिहिलं, अहवालाची प्रत लावली आणि खाली वाक्य घातलं, की मागच्या वर्षी ज्यांनी ज्यांनी रजनी वैशंपायनांकडचं जेवण माझ्या कागदामुळे बंद केलं, त्यांना हे वाचून दाखवावं. मग दोन्ही पानं, अहवाल आणि चार पिना घेऊन ते लिफ्टने खाली गेले. वर्षात पहिल्यांदा लिफ्टने.

फळ्याची काच उघडीच असे. ते कागद लावत असताना मागे घोषालबाबू येऊन उभे राहिले.

"हे काय? वर्ष बदललं का?"

"नाही. पूर्ण केलं," मधुकरराव म्हणाले. त्यांच्या हातातली पिन फळ्याच्या लाकडात शिरत नव्हती.

घोषालबाबूंनी वाकून दुसरं पान वाचलं. मग अहवाल. मग खाली मधुकररावांनी हाताने लिहिलेली ओळ: 'पहिलं पान एकटं लागलेलं मी पाहिलं होतं आणि गप्प राहिलो. त्यामुळे एका शेजारणीचं नुकसान झालं.'

"खांबेटेबाबू, हे हाताने लिहिलेलं कशाला? आणि लोक माझ्याकडे बोट दाखवतील ना."

"माझं नाव आहे खाली. माझ्याकडे दाखवतील."

"दाखवतील तर!" घोषालबाबू चिडले होते. मग त्यांनी मधुकररावांच्या हाताकडे पाहिलं, पिन काढून घेतली आणि अंगठ्याने दाबून लाकडात बसवली. "वाकडी लावत होतात," ते म्हणाले आणि निघून गेले.

पहिल्या मजल्यावरचे प्राध्यापक लिफ्टची वाट बघत उभे होते. त्यांनीही वाचलं. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. लिफ्ट आली, ते आत गेले. मधुकरराव तिथेच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं की हे झालं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. जे होतं ते होतंच, फक्त आता फळ्यावर होतं.

लिफाफा त्यांच्या खिशात होता. रजनीताईंचा पत्ता वृंदाताईंनी मंडळाच्या वहीतून शोधून दिला होता आणि तिकिटं स्वतः थुंकी लावून चिकटवली होती. वृंदाताई गॅलरीत उभ्या होत्या. "मी टाकून येऊ का?" त्यांनी वरून विचारलं.

"नको."

फाटकाबाहेर पडताना त्यांनी शिरीषाकडे पाहिलं. उरलेल्या फांदीवर एक रातबगळा मान खांद्यात घालून बसला होता, लाल डोळा अर्धा उघडा. खाली उभ्या गाडीच्या काचेवर त्याने ताजा शिडकावा केला होता.

कोपऱ्यावरची पेटी गंजली होती, तोंडाशी रंग उडालेला. टपाल काढायच्या वेळेच्या पाटीवर तीन वाजून तीस मिनिटं लिहिलं होतं. घड्याळात सव्वातीन. मधुकररावांनी लिफाफा काढला, पत्ता एकदा वाचला. 'दमदम'चा पिनकोड पुन्हा तपासला, शेवटचा आकडा नीट दिसतो ना ते पाहिलं. आणखी तपासण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी तो आत सोडला. आवाज आला नाही. कुठे अडकला तर नाही, म्हणून त्यांनी बोटं आत घालून चाचपलं. बोटांना काही लागलं नाही.